लवंग की औषध

पुणे
२ मार्च २०२५

प्रिय विशाखा,

कडुबाभाऊ गेल्याचं कळल्यावर मी लगेच फोन केला होता. तू चार वेळा 'हो सर' म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्यांच्याबद्दल मला बरंच बोलायचं होतं, ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

वाळूजच्या कंपनीत मी प्रयोगशाळेत होतो आणि ते बाटल्यांच्या लाइनवर. एकोणतीस वर्षं बाटली उजेडाला धरून बघणं हे त्यांचं काम. बिअरचा एक थेंब कधी तोंडाला लावला नाही त्यांनी. तुला माझ्या हाताखाली नोकरी लागली त्या दिवशी ते वर आले आणि मला म्हणाले, "साहेब, पोरीला बिअर चाखावी लागंल म्हणता. तिचं ती बघंल. पण खोटं लिवायला लावू नका." मी तेव्हा हसलो होतो.

आपली जुनी रीत मी अजून पाळतो. बिअर चाखली की कागदावर लिहायचं, बोलायचं नाही. बोलताना माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघतो आणि मत बदलतो. माझा मेहुणा कृष्णा दर महिन्याला गंगापूरला शेताकडं जातो, त्याच्या गाडीतून सहा बाटल्या पाठवतो आहे. बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर, आपली नेहमीचीच. धने, मोसंबीची साल, आणि ती लवंगेची झाक. लवंग आपण घालत नाही, ती यीस्टच आणतं, हे तुला काय सांगायचं. पण या खेपेला ती मला जरा जास्त वाटते. आशा म्हणते, लवंग नाही, औषध आहे. माझं नाक त्रेपन्न वर्षांचं झालंय आणि बायकोचं नाक माझ्या बिअरवर कायमच रुसलेलं असतं. तेवीस तारखेला आमच्या ब्रूअरीला एक वर्ष होतंय. टाकीत तेराशे लिटर आहे.

लवंग की औषध, एवढंच लिहून पाठव. तुझ्यासारखं नाक मी दुसरं पाहिलेलं नाही. तू म्हणशील तसं करतो.

घरी आईला, सत्यभामाबाईंना, माझा जय भीम सांग.

तुझा,
अभय

*

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
९ मार्च २०२५

अभय सर,
सप्रेम जय भीम.

बाटल्या मिळाल्या. एकही फुटली नाही.

आमच्याकडं सगळं ठीक आहे. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे आले, जेवले, गेले. आई जेवते. मी तिसऱ्याच दिवशी कामावर गेले. सगळे म्हणतात, पोरगी धीराची आहे. तसं काही नाही. कामाला जायची वेळ झाली, म्हणून गेले.

तुमच्या बिअरबद्दल. ओतल्यावर रंग फिकट, पातळ ताकासारखा गढूळ. फेस पांढरा, बारीक, ग्लासच्या कडेला शेवटपर्यंत चिकटून. धने आधी येतात, त्यांच्यामागून मोसंबीची साल, आणि ग्लास तळहातात धरून जरा गरम होऊ दिला की लवंग. गव्हाचा मऊपणा जिभेवर छान बसतो, शेवटी किंचित आंबट. लवंग आहे, स्वच्छ आहे. औषध नाही.

खुशाल द्या.

विशाखा

*

पुणे
३० मार्च २०२५

प्रिय विशाखा,

वर्धापनदिन झाला. कसा झाला ते तुलाच सांगायला हवं.

साठ-सत्तर माणसं आली होती. पहिल्या फेरीला टाळ्या झाल्या. मग मी टेबलांमधून फिरायला लागलो, तर ग्लास अर्ध्यावरच थांबलेले. माझ्या बिअरसाठी आवर्जून येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "अभयराव, ह्यात बँडेज पडलंय का?"

मी त्यांचाच ग्लास उचलून हुंगला. त्यांचं बरोबर होतं. रानटी यीस्ट शिरलं होतं. तीन आठवड्यांत ते वाढलं असणार, पण तुला बाटल्या पाठवल्या तेव्हाही ते होतंच. माझ्याकडं त्याच दिवसाच्या दोन बाटल्या शिल्लक होत्या, त्या उघडून बघितल्या. त्यांतही आहे. नवशिक्यालाही कळावं एवढं आहे.

मी रागावून लिहीत नाही. मला कोडं पडलंय. तू बाटली उघडलीच नव्हतीस का? वडील जाऊन महिना झाला नव्हता आणि मी तुझ्याकडं बिअर पाठवत बसलो, हा माझाच मूर्खपणा. की मला वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलंस? तसं असेल तर आपल्या इतक्या वर्षांच्या कागदांना काही अर्थ राहत नाही.

खरं काय ते लिही.

अभय

*

पुणे
११ मे २०२५

विशाखा,

पत्राला उत्तर नाही. फोन तू उचलत नाहीस. कृष्णा म्हणाला, पैठण रोडवर तुझ्या ब्रूअरीच्या फाटकाशी तू भेटलीस, नव्या बाटल्यांचं खोकं घेतलंस, 'सरांना नमस्कार सांगा' म्हणालीस आणि आत गेलीस. तो म्हणाला, ताईंचं तोंड झोपेतून उठल्यासारखं होतं.

मला बिअरचं उत्तर नको. तू बरी आहेस का, एवढंच कळव.

अभय

*

पुंडलिकनगर
२५ मे २०२५

अभय सर,
सप्रेम जय भीम.

मला वास येत नाही.

हे वाक्य लिहायला दोन महिने लागले. आता पुढचं लिहिते.

जानेवारीत पाच दिवस ताप होता. सहाव्या दिवशी आईनं आल्याचा चहा दिला तर नुसतं गरम गोड पाणी. वाटलं, सर्दी आहे, जाईल. आठवडा गेला. कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. मी हे कोणाला सांगितलं नाही. माझं सगळं काम नाकावर चालतं. गुलमंडीतल्या मसाल्याच्या दुकानात उभी राहून पोत्यातले धने यंदाचे की मागच्या वर्षीचे हे सांगणारी मी. नाक गेलं म्हटल्यावर मोनिका मला तिच्या ब्रूअरीत कशाला ठेवेल?

ब्रूअरी तशी चालली. तापमान आकड्यात दिसतं, गोडवा आकड्यात दिसतो, दिवस मोजता येतात. चव म्हणजे जिभेला कळतं तेवढंच: गोड, आंबट, कडू, बुडबुडे. बाकीचं मी जुन्या वह्यांतून लिहीत होते. तुमची बाटली उघडली होती, सर. ग्लासात ओतून समोर ठेवली आणि तीनदा हुंगली. काही आलं नाही. मग २०२४ची वही काढली आणि तुमच्याच तेव्हाच्या बॅचची नोंद शब्दन् शब्द उतरवली. 'औषध नाही' एवढंच मी माझ्या मनानं घातलं.

बाबा साखरेचे पेशंट होते. पायाची जखम वर चढत गेली, मग पाठीवर आणखी एक झाली. तीन आठवडे दवाखान्यात होते. वॉर्डात येणारे लोक नाकाला रुमाल लावायचे. मी त्यांच्या खाटेशी बसून डबा खायचे. सिस्टर म्हणायच्या, पोरगी गुणाची आहे, तोंड वाकडं करत नाही.

ते बारा फेब्रुवारीला दुपारी गेले. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. मला वाटायचं, वास नाही म्हणून रडू येत नाही, आजाराचाच भाग असेल. आता ते कारणही खरं वाटत नाही. लोक बोलतात ते ऐकू येतं, पण काचेपलीकडून बोलल्यासारखं.

बाबांनी तुम्हाला खोटं लिहायला लावू नका म्हटलं होतं, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या पत्रातच वाचलं. ते वाचल्यावर मी नोंद लिहायला बसले आणि तरीही खोटंच लिहिलं. तुमचा कार्यक्रम माझ्यामुळं बिघडला. माफी मागायला हवी, मागते. पण खरं सांगायचं तर ती मागतानाही आत काही हलत नाही.

विशाखा

*

पुणे
२ जून २०२५

विशाखा,

पत्र वाचलं आणि मला राग आला. लपवत नाही. आठ दिवस थांबून गोड लिहिता आलं असतं, पण आपल्यात खरं लिहायचं ठरलंय. 'माहीत नाही, सर,' एवढे तीन शब्द लिहायचे होते तुला. मी दुसऱ्याला विचारलं असतं.

पण माझा राग माझ्यापाशी. तुला विचारायचं ते वेगळंच आहे. जानेवारीपासून तुमच्या टाक्या कोण हुंगतंय? कोणीच नाही ना? माझ्याकडं लोकांनी ग्लास अर्ध्यावर सोडले, त्यापलीकडं काही झालं नाही. पण रोज अशीच आंधळी बिअर गिऱ्हाइकांपुढं ठेवायची असेल तर तो वेगळा गुन्हा आहे, आणि तू तो रोज करते आहेस.

मोनिकाला सांग. उद्याच सांग. आणि आईला अजून सांगितलं नसशील तर आधी तिला.

अभय

ता. क. आशा विचारते, तू जेवतेस का? वास नसला की माणूस जेवण विसरतो, असं ती म्हणते. तिनं कुठं वाचलं, देव जाणे.

*

पुंडलिकनगर
२९ जून २०२५

अभय सर,
सप्रेम जय भीम.

सांगितलं. दोघींनाही.

मोनिका टाक्यांपाशी उभी होती. मी म्हणाले, "मला वास येत नाही. जानेवारीपासून." ती हसली. मी थट्टा करतेय असं वाटलं तिला. मग म्हणाली, "ताई, मग पाच महिने चाखत कोण होतं?" मी म्हणाले, "कोणी नाही." ती तिथंच एका खुर्चीवर बसली. तीस वर्षांची पोर आहे ती, घरच्यांशी भांडून तिनं ही ब्रूअरी काढली, ती माझ्या भरवशावर. तिनं मला काढलं नाही. एवढंच म्हणाली, "आजपासून वही मी लिहिणार. तुम्ही मला शिकवा." चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. ते बरोबरच होतं.

आईला सांगणं जास्त अवघड गेलं. बाबा गेल्यापासून ती माझ्याशी मोजकंच बोलायची. मला वाटायचं, दुःखामुळं. ती भाजी निवडत होती. मी सांगितलं. तिनं हातातली मेथी खाली ठेवली.

"म्हंजी दवाखान्यात तुला त्यांच्या पाठीचा वास येतच नव्हता?"

"नाही."

"आन् मला वाटलं, पोरीचं काळीज दगडाचं झालं. बाप सडतोय आन् ही शेजारी बसून भाकर खाती. मी मनात लई बोलले तुला. चार महिने बोलत व्हते."

एवढं बोलून तिनं परत मेथी निवडायला घेतली. मी शेजारी बसले. जुडी संपल्यावर ती म्हणाली, "तुझ्या त्या टाक्या कोण हुंगतंय आता?" तुम्ही विचारलं होतं तेच. मी म्हणाले, मोनिका. पण तिला अजून नीट कळत नाही.

"मी येते उद्या."

"आई, बिअर आहे ती. तुझं पंचशील..."

"पिऊ नाय म्हणलंय. हुंगू नाय असं कुठं म्हणलंय?"

खरंच आली, सर. पांढरी साडी, पायात स्लीपर, रिक्षानं. मोनिकानं तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. मी वाट्यांत धने, लवंगा, मोसंबीची साल, पिकलेलं केळं ठेवलं होतं. डॉक्टरांनी मला रोज चार वास घ्यायला सांगितलेत, नाकाला सवय लागावी म्हणून. मला काही येत नाही, पण मी घेते. आईनं एकेक वाटी हुंगली आणि म्हणाली, "ह्ये काय शिकवती मला? पन्नास वर्सं सैपाक केला." मग धान्याच्या उकळत्या काढ्याच्या टाकीशी गेली. झाकण उघडल्यावर वाफेत तोंड घालून म्हणाली, "घुगऱ्या. गव्हाच्या घुगऱ्या शिजल्यात." दुसऱ्या टाकीच्या तोटीतून ग्लासात थोडं काढून दिलं. तिनं डोळे मिटले. "केळं हाय. त्याच्या मागं लवंग. मंग कायतरी आंबट, मोसंबी न्हाय, ताकावाणी." मोनिका भराभर लिहून घेत होती.

आता ती आठवड्यातून दोनदा येते. मी गेली दहा वर्षं जे शब्द वापरत होते त्यांतला एकही तिला माहीत नाही आणि तिचं एकदाही चुकलेलं नाही.

मी जेवते, असं आशावहिनींना सांगा. वेळ झाली की जेवते.

विशाखा

*

पुणे
२० जुलै २०२५

प्रिय विशाखा,

तुझं पत्र मी आशाला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'हुंगू नाय असं कुठं म्हणलंय' यावर ती उठून आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. माझा भागीदार मे महिन्यात बाजूला झाला. वर्धापनदिनानंतर त्याचं मन उडालं. तुझ्यावर आणखी ओझं नको म्हणून लिहिलं नाही. पण मग तूही लपवणार आणि मीही, तर ही पत्रं कशाला? म्हणून आता सांगतो. आणि त्याच्या पुढचंही. ती बिअर खराब आहे हे माझ्या नाकानं मला सांगितलं होतं. आशानं तोंडावर सांगितलं होतं. मी तुला विचारलं, कारण मला 'खुशाल द्या' हेच ऐकायचं होतं. तुझा कागद आल्यावर मी दुसरी बाटली उघडूनही बघितली नाही. तेव्हा तो सगळा भार तू एकटीनं उचलू नकोस. निम्मा माझा आहे.

मी सध्या लहान टाकीत करतो, दोनशे लिटर. कृष्णाबरोबर चार बाटल्या पाठवल्यात. त्या तुला नाहीत, सत्यभामाबाईंना आहेत. फक्त हुंगायला. त्या म्हणतील ते जसंच्या तसं लिहून पाठव.

अभय

*

पुंडलिकनगर
२४ ऑगस्ट २०२५

अभय सर,
सप्रेम जय भीम.

तुमच्या बाटल्यांबद्दल आईचं म्हणणं: "साल जरा जास्त झाली, कडवट वास येतो. बाकी चांगलं हाय. ह्या माणसाला म्हणावं, धने भाजून घालू नको." तुम्ही भाजून घालायला लागलात का? मला माहीत नाही, म्हणून विचारते.

आता आमच्याकडचं. काल शनिवारी मोनिकानं नव्या गव्हाच्या बिअरसाठी शंभरेक लोक बोलावले होते. बाराशे लिटर तयार होती. मंगळवारी आई आली. तोटीतून ग्लास भरून दिला. तिनं हुंगला आणि लगेच दूर धरला.

"हे लोकांला देऊ नको."

मोनिकानं ग्लास घेतला, दोनदा हुंगला. म्हणाली, "लवंग आहे, काकू. जरा जास्त आहे, पण लवंगच."

"लवंग न्हाय. दवाखाना हाय."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी ग्लास नाकाशी नेला. सवयीनं. काही नव्हतं. रानटी यीस्ट वाढतं का ते बघायला मी नमुना प्लेटवर घातला, पण त्याचं उत्तर यायला चार दिवस लागतात, म्हणजे शनिवार. मोनिका म्हणाली, "ताई, शनिवारी सकाळी प्लेट बघू आणि मग ठरवू. मी आत्ता नाही कसं म्हणू सगळ्यांना?"

आई तिला म्हणाली, "बाळा, ह्यांची पट्टी रोज दोनदा बदलायचे. जुनी पट्टी सोडली की जो वास यायचा ना, तो मला झोपेतबी वळखू येतो. मी तुझं नुकसान कशाला करू?"

मी म्हणाले, "कार्यक्रम रद्द कर. टाकी ओतून देऊ."

मोनिका म्हणाली, "कशावरून?"

मी म्हणाले, "आई म्हणते म्हणून."

तिनं माझ्या हातातला ग्लास घेऊन ओतून टाकला. मग फोन घेऊन बाहेर गेली आणि एकेकाला कळवायला लागली. तिचा आवाज आत ऐकू येत होता. एकदाही तिनं माझं नाव सांगितलं नाही. "आमची बिअर बिघडली" असंच म्हणत होती.

बिअर अशी परस्पर ओतता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. उत्पादन शुल्क खात्याला पत्र दिलं, शुक्रवारी दुपारी त्यांचे निरीक्षक आले, मोजमाप केलं, सह्या झाल्या. प्लेट मी काल सकाळी बघितली. रानटी यीस्टचे ठिपके होते, भरपूर. पण तोवर टाकी रिकामी झाली होती.

शुक्रवारचं लिहायचं म्हणून हे पत्र. निरीक्षक गेल्यावर मी व्हॉल्व्ह उघडला. बिअर जाड पाइपातून मागच्या खड्ड्यात जायला लागली आणि सगळीकडं फेस झाला. मोनिका थांबू शकली नाही, पुढं जाऊन बसली. आई गेली नाही. तिनं पदर नाकाला लावला आणि तिथंच उभी राहिली. तिला त्रास होत होता, ते दिसत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हणाले, "तू बाहेर जा." ती म्हणाली, "असू दे."

वॉर्डातही ती तीन आठवडे अशीच उभी असणार. मी तिथंच होते, हातभर अंतरावर, आणि मी तिच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. तिला काय सोसावं लागत होतं हे मला शुक्रवारी दुपारी कळलं. बाबांना काय होत होतं, तेही मला माहीत नाही. मी तिथं होते, पण नव्हते.

मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आई, तिथं वास कसा होता ते मला सांग."

"कुठं?"

"बाबांच्या खाटेपाशी."

"कशाला आता?"

"मला माहीत नाही म्हणून."

तिनं पदर खाली घेतला. आधी पहिल्या आठवड्याचं सांगितलं, फिनेल आणि भिजल्या पट्ट्या. मग जखम वाढली तेव्हाचं. मग मधेच थांबून म्हणाली, "शेवटच्या दोन दिवसांत सिस्टरनं त्यांचं अंग पुसून दिलं, मी थोडं खोबरेल लावलं डोक्याला, तेव्हा ते पैल्यावाणी वाटले, वासानं. तुझ्याच मांडीवर डोकं व्हतं त्यांचं."

ते मला आठवत होतं. डोक्याचं वजन आठवत होतं.

ती सांगत राहिली, मी पाइप धरून ऐकत राहिले. बाराशे लिटर जायला पाऊण तास लागला. मधे कधीतरी मी रडत होते. पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं, मग माझ्या.

विशाखा